भावकचेरीचा आकडा

६ जानेवारी

पाठवलं मला! शेवटी मलाच पाठवलं.

सकाळी मोठ्या साहेबांनी खोलीत बोलावून घेतलं आणि चहा मागवला — तेव्हाच ओळखलं. हे गृहस्थ चहा पाजतात म्हणजे काहीतरी गळ्यात मारणार. "देशाच्या मध्यवर्ती बँकेनं नुसत्या नोटा छापत बसू नये, इतर सरकारी संस्थांनाही पायावर उभं करावं," इत्यादी. मी मान डोलावत राहिले. "भावकचेरीला हात द्यायचं ठरलंय. संगणक, प्रशिक्षण, सगळा खर्च बँकेचा. आणि शिकवायला — तुम्ही!"

भावकचेरी! म्हणजे बाजारभाव मोजायचं सरकारी ऑफिस. महिन्याला महागाई किती वाढली ते सांगणं हे खरं तर त्यांचं काम. पण त्यांचा आकडा येतो तेव्हा लोक तो महिना विसरलेले असतात. कुणी भरवसा ठेवत नाही. म्हणून तर बँकेत इतकी वर्षं मी अंदाज काढते. सगळे त्याला 'बाईंचा आकडा' म्हणतात. सरकार तोच धरतं, पेन्शन त्यावरच वाढते. मला त्याचा अभिमान आहे. इथं लिहायला काय लाजायचं!

आणि आता मी जाऊन त्यांना शिकवायचं, म्हणजे त्यांनी माझा आकडा कचऱ्यात टाकावा. वा!

पण साहेब पुढं म्हणाले ते महत्त्वाचं. जूनअखेरपर्यंत कचेरीनं स्वतःचा नीट आकडा वेळेवर जाहीर केला तर कचेरी राहील. नाही जमलं तर अर्थखातं तिला कुलूप लावणार आणि काम कायमचं आमच्याकडे. "मग तुमचा विभाग मोठा होईल. विभागप्रमुख लागेल," असं म्हणून माझ्याकडे बघून हसले.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शिकव, पण फार शिकवू नकोस. असंच ना?"

जन्मभर नर्स होती ही बाई. नाडी न धरता रोग सांगते.

९ जानेवारी

कचेरी बघितली. खाली छापखाना, वर ही. छापखान्याची यंत्रं चालू झाली की वरच्या टेबलावरचे पेन घरंगळतात. लोकांना इतकी सवय की बोलता बोलता पेन अडवतात, वाक्य तुटत नाही.

बँकेनं गेल्या वर्षी पाठवलेले संगणक कोपऱ्यात. खोक्यात! पट्टीसुद्धा न काढता. वर कुंडी ठेवलेली.

संचालक पातळ, नम्र, सतत हात पुसत असलेला माणूस. म्हटलं, "सर, उघडले का नाहीत?"

"उघडले तर वापरात आले असं होईल, मॅडम."

"बरं मग?"

"वापरात आले की कधीतरी बिघडणार. बिघडले की विचारणार, उघडले कुणी?"

"आणि आता?"

"वर विचारलंय."

कधी विचारलंय ते मी विचारलं नाही. पाठीमागं सगळे यांना 'विचारून-सांगतो' म्हणतात. जिन्यात भेटलेल्या पहिल्याच माणसानं मला हे सांगितलं — "विचारून-सांगतो साहेबांना भेटायचंय का? तो दरवाजा."

मोठ्या साहेबांनी काळजी करायचं कारण नाही. हे जूनपर्यंत पेनसुद्धा विचारून उचलतील.

१० जानेवारी

उघडली खोकी. मीच. कात्री माझ्या पर्समधली, जबाबदारीही माझी — तसं कागदावर लिहून दिलं. कुंडी संचालकांनी स्वतः उचलून खिडकीत ठेवली. हसले वाटतं.

२१ जानेवारी

वर्ग चालू. शिकवायला वाईट नाहीत हे लोक! बाजारात फिरून भाव टिपून आणणारे आहेत, त्यांना 'वेचे' म्हणतात. सगळ्यात जुने टोपीवाले काका. यांची टोपी डोक्यावरून उतरलेली कुणी बघितलेली नाही. सगळ्यात नवी ती सायकलवाली. ही प्रश्न विचारते. इतके विचारते की मला डोकं दुखायची गोळी घ्यावी लागली. आज विचारलं, "मॅडम, दुकान बंद असलं की आम्ही मागच्या महिन्याचाच भाव लिहितो. मग दुकान कायमचं बंद झालं तर?"

"तर काय?"

"तर तिथं भाव कधीच वाढत नाही ना!"

सगळे हसले. मीही. मग कळलं की ही थट्टा नाही, अशी सात-आठ मेलेली दुकानं त्यांच्या यादीत अजून जिवंत आहेत.

घरी येऊन आईला सांगितलं. आईला इतकं आवडलं की हसून ठसका लागला. "तिथला पत्ता दे," म्हणाली. "मी तिथंच जाते बाजाराला."

५ फेब्रुवारी

टोपीवाले काकांबरोबर बाजारात फिरले.

काका निघाले कसे — इस्त्रीचा शर्ट, गळ्यात सरकारी बिल्ला, हातात तक्त्याची पाटी. अगदी नवरदेव! किराणा दुकानात शिरले तसा दुकानदार उठून उभा. "या साहेब, या! खुर्ची आण रे!" आणि मग बटाटे, तांदूळ, अंडी, साबण, सगळे भाव घडाघडा. पाढे म्हणावेत तसे. काका टिपत होते, मी बघत होते. काय शिस्त! काय अदब! मला उगाच वाटत होतं हे लोक काम करत नाहीत.

पुढच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्यातही.

परत येताना काका म्हणाले, "तीस वर्षांत एकानं मला दारातून परत पाठवलं नाही, मॅडम."

६ फेब्रुवारी

काल रात्रीचं जेवण चाललं होतं. मी सहज काकांच्या तक्त्यातला बटाट्याचा भाव आईला सांगितला. तिचा घास तोंडापर्यंत जाऊन थांबला.

"कुठं?"

दुकान सांगितलं.

"त्या दुकानात मी दर आठवड्याला जाते. या भावात तो मला बटाट्याची सालंसुद्धा देणार नाही!"

आज रजा टाकली आणि आईची पिशवी घेऊन आईबरोबर गेले. तोच दुकानदार. आज उठला नाही, खुर्ची नाही, मान वर करायची तसदी नाही. भाव सांगितला — कालच्या सव्वापट! आईनं हुज्जत घातली, त्यानं थोडे उतरवले, तरी कुठल्या कुठं. मी म्हटलं, "अहो, काल तर तुम्ही सरकारी साहेबांना वेगळंच सांगत होतात!"

त्यानं आता नीट बघितलं माझ्याकडे. ओळखलं. जरा गडबडला, पण लगेच सावरला. "बाई, तो सांगायचा भाव. हा घ्यायचा भाव. बिल्लेवाला माणूस भाव विचारायला आला तर खरा सांगून मी कशाला अंगावर ओढवून घेऊ?"

म्हणजे तीस वर्षं काका दारोदार फिरून जे आणत होते ते भाव नव्हते. नमस्कार होते.

दुपारभर बेचैन होते. यांना हसू कशी? मी तरी काय करते? बँकेत बसून घाऊक बाजारातल्या बड्या व्यापाऱ्यांना फोन लावते आणि त्यावरून गणित करते. पोत्याचा भाव. पोत्यानं कोण घेतं? आई घेते का? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच की! दुकानात पाऊल टाकल्याला किती दिवस झाले, आठवेना. बाजारहाट आईच करते.

११ फेब्रुवारी

आज सगळ्यांना बसवून सांगितलं. बिल्ले काढा. पाट्या ठेवा. पिशवी घेऊन गिऱ्हाईक म्हणून जा आणि विकत घ्या. जेवढे पैसे पडले तेवढा भाव! पैसे बँक देईल.

छापखाना चालू झाला, पेन घरंगळले, कुणी अडवले नाहीत.

संचालक हात पुसत म्हणाले, "सरकारी माणसानं ओळख न देता जायचं... विचारावं लागेल."

काकांनी बिल्ला मुठीत धरून ठेवला होता. "हा काढला तर मला बाजारात कोण ओळखणार?"

"कुणी ओळखू नये म्हणूनच तर, काका."

"म्हणजे इतकी वर्षं मी खोटं लिहीत होतो."

"तुम्ही खरंच लिहीत होतात. सांगणारे खोटं सांगत होते."

काका टोपी सारखी करून उठून गेले. मला फार वाईट वाटलं. आकड्यांपुढे माणूस दिसत नाही, अशी माझी ख्याती आहे बँकेत, आज दिसला.

१२ फेब्रुवारी

काका आले. गळा मोकळा. हातात बायकोची फुलाफुलांची पिशवी!

४ मार्च

बँकेच्या हिशेबखात्यानं बिल परत पाठवलं. लाल शाईत: 'संस्था-सक्षमीकरण निधीतून कांदे कसे?' खाली दुसरी ओळ: 'आणि अंडी?'

मी उत्तर लिहिलं: 'प्रशिक्षण साहित्य.' ते म्हणाले, साहित्य आहे तर ते शिल्लक दाखवा. मी म्हटलं, या आणि बघा! कचेरीत पाय ठेवायला जागा नाही. कपाटात साबण, टेबलाखाली बटाटे, संगणकाच्या रिकाम्या खोक्यात कांदे. सायकलवालीनं तोडगा काढला — मागच्या खोलीत चूल मांडली, आता दुपारी सगळे एकत्र जेवतात. छापखान्यातले कामगारही येतात. उरलेलं जवळच्या अनाथाश्रमात.

बिल मंजूर झालं. हिशेबनीस स्वतः बघायला आले होते. दोनदा वाढून घेतलं.

१९ मार्च

आज हसून हसून पोट दुखलं. आमच्या यादीत नुसतं किराणा नसतं. केस कापणं, बूट शिवणं, दात काढणं, सगळ्याचे भाव आणायचे. आता विकत घेऊनच आणायचे असल्यामुळे वेच्यांमध्ये वाटणीवरून भांडणं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. न्हाव्याकडची चिठ्ठी काकांच्या वाट्याला आली. नको नको म्हणत गेले. न्हाव्याच्या खुर्चीत बसून टोपी काढली — तर खाली भोपळा! एक केस नाही! न्हावी वस्तरा हातात धरून म्हणाला, "साहेब, मी काय कापू?"

काका म्हणाले, "ते तू बघ. पैसे पूर्ण घे."

त्यानं चकचकीत पुसून दिलं आणि अर्धेच घेतले. आता तो भाव लिहायचा की नाही यावर तासभर चर्चा. शेवटी काकांनीच निकाल दिला — नाही लिहायचा. ही ओळख झाली, गिऱ्हाइकी नाही.

आणि दात काढायची चिठ्ठी अजून टेबलावर तशीच पडलीय.

११ एप्रिल

पहिला कच्चा आकडा निघाला. जाहीर करायचा नाही, नुसता सराव. सायकलवालीनं संगणकावरून माझ्यासमोर कागद ठेवला आणि बोटं मोडत उभी राहिली.

माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी वर! थोडाथोडका फरक नाही.

कागद घेऊन बसले. चूक सापडावी म्हणून शोधली. खोटं कशाला लिहू, सापडावी असंच वाटत होतं. बेरजा तपासल्या. दुकानं तपासली, मेलेलं एकही नाही. चार वस्तू तर मी स्वतः जाऊन विकत घेतल्या. सगळं बरोबर.

म्हणजे बाईंचा आकडा चूक. मोठे व्यापारी घाऊक भाव उतरवतात आणि गल्लीतलं दुकान चढवतं, हे माझ्या गणितात कुठंच नव्हतं.

सायकलवालीनं घाबरत विचारलं, "काही चुकलं का, मॅडम?"

"नाही गं पोरी. झकास झालंय." आणि गंमत म्हणजे म्हणताना ते मला अगदी मनापासून वाटलं. नंतर जिन्यात एकटी होते तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं ते नाही कळलं.

१३ एप्रिल

रविवार. आई गोळी अर्धी मोडताना दिसली. गुडघ्याची गोळी. दिवसाला एक घ्यायची असते.

"हे काय?"

"अर्धीनं भागतं."

"तू नर्स आहेस! अर्धीनं भागत नाही हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणूनच अर्धी घेते, पाव नाही."

मी पैसे काढले. तिनं हात धरला. हे आमचं जुनं भांडण — औषध तिच्या पेन्शनमधूनच येणार, लेकीच्या पगारातून नाही. ती तिची इज्जत. आणि पेन्शन वाढते माझ्या आकड्यावर. दर वर्षी चिमूटभर. कारण बाईंच्या आकड्याप्रमाणं महागाई वाढतच नव्हती ना!

हे तिच्या लक्षात कधीच आलं असणार. एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

८ मे

संचालकांनी आज माझ्यापुढं एक पानभर मजकूर ठेवला. आकडा जाहीर करायचे नियम. स्वतः लिहिलेत! आकडा दर महिन्याच्या ठरलेल्या सोमवारी सकाळी दहा वाजता, सगळ्यांना एकाच वेळी कळेल. त्याआधी कुणालाही नाही. मंत्र्यांना नाही, वर्तमानपत्रांना नाही. शेवटच्या तीन दिवसांत आकडा करणाऱ्यांशिवाय त्या खोलीत कुणी जायचं नाही.

मी म्हटलं, "हे कुणी सुचवलं?"

"कुणी नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं. कुणाला एकाला आधी कळलं की दुसऱ्याला संशय येणार. मग परत आपल्या आकड्याला कोण विचारणार?"

"उत्तम! आता हे वर पाठवून मंजूर..."

"केलं मंजूर. संचालकाच्या अधिकारात येतं. मी नियम वाचून काढले." हात पुसले. "पहिल्यांदाच वाचले, मॅडम."

घरी येताना दोन आंबट संत्री घेतली. आईला आवडतात. भाव? घ्यायचा भाव दिला!

१३ जून

शुक्रवार. सोमवारी पहिला खरा आकडा.

दुपारी मोठ्या साहेबांचा फोन. "अहो, आकडा काय येतोय ते जरा कळवा. आपल्याला तयारीत राहायला बरं." मी म्हटलं, "बघते." त्यात काय! खोकी मी उघडली, बिल्ले मी काढायला लावले, कांद्याच्या बिलावर मी भांडले. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

गेले. मधल्या खोलीचं दार बंद. दाराशी स्वतः संचालक, खुर्ची टाकून बसलेले. मी हसून पुढं झाले. ते उठले — आणि बाजूला झाले नाहीत.

"मॅडम, राग मानू नका."

"म्हणजे?"

"सोमवारी दहाला."

"सर, मी आहे!"

"तुम्ही आमच्या गुरू आहात. पण नोकरी बँकेची. बँकेला आधी कळलं असं कुणी म्हणायला नको."

संतापानं माझ्या तोंडून काय काय निघालं! लिहीत नाही. शेवटी म्हटलं, "वर विचारलंत का, मला अडवायचं म्हणून?"

"नाही." एवढं हळू म्हणाले की ऐकायला पुढं वाकावं लागलं. "या कामात वर कुणी नाही, मॅडम. मीच आहे."

आतून सायकलवालीचा आवाज येत होता, कुणाला तरी बेरीज परत तपासायला लावत होती. मी जिना उतरले. चिडून चार पायऱ्या, मग पुढच्या पायऱ्यांवर चालच मंदावली. खाली छापखान्याच्या दाराशी येईपर्यंत मला इतका आनंद झाला होता की कामगारांना वाटलं असेल बाईंना लॉटरी लागली.

साहेबांना फोन केला. "नाही कळलं." "म्हणजे?" "म्हणजे दिला नाही." त्यांनी फोनच ठेवून दिला.

१६ जून

दहा वाजता आईबरोबर किराणा दुकानात होते. तोच, 'सांगायचा भाव' वाला. त्याचा रेडिओ चालू. आकडा सांगितला — माझ्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट.

रांगेतली एक बाई म्हणाली, "आत्ता कळलं वाटतं यांना!" सगळे हसले. दुकानदार मान खाली घालून साखर मोजत राहिला. आईनं फक्त पिशवी माझ्या हातात दिली आणि माझा दंड धरला, परत येईपर्यंत सोडला नाही.

दुपारी कचेरीत गेले. काका टोपी काढून सगळ्यांसमोर उभे! डोकं लखलखीत. म्हणाले, "आता काय लपवायचं?" सगळ्यांनी मिळून भाताचं मोठं पातेलं फस्त केलं.

कचेरी राहिली. राहिलीच!

१८ जून

चहा. म्हणजे पुन्हा चहा.

साहेब म्हणाले, कचेरीचं कौतुक आहे. बँकेच्या मदतीचं सोनं झालं. संचालकांचा सत्कार करू. "पण आकडा फारच चढा आहे हो. अर्थखात्याला घाम फुटलाय. या आकड्यावर पेन्शन वाढवायची तर... तर त्यांचं म्हणणं असं — लोकांपुढं दोन आकडे असू द्यावेत. कचेरीचा असू दे. तुमचाही चालू ठेवू. बाईंच्या आकड्याला मान आहे. पेन्शन आपली तुमच्याच आकड्यावर राहील."

"माझा आकडा चुकीचा आहे, साहेब."

"चूक-बरोबर कोण ठरवतं? तो एक अंदाज आहे. तुमच्या सहीनं निघतो, तुमच्या सहीनं निघत राहू दे." आणि टेबलावरून एक लिफाफा सरकवला. विभागप्रमुखाची नेमणूक. तारीख तेवढी घालायची बाकी. शुक्रवारी बँकेच्या संचालक मंडळाची बैठक आहे. त्यापुढं माझा सक्षमीकरणाचा अहवाल आणि जूनचा अंदाज, दोन्ही न्यायचेत.

किती सोपं! कचेरी बंदही करायची नाही. आपण हात दिला म्हणून मिरवायचंही. फक्त शेजारी बाईंचा आकडा उभा करायचा. म्हणजे त्यांचा खरा असून निकामी.

मी लिफाफा घेतला. घेतला! हातच पुढं गेला. वीस वर्षं या कागदाची वाट बघितली आहे, माझा हात काय लाकडाचा आहे?

आईला सांगितलं नाही. तिनं विचारलं, "जेवलीस का नीट?" एवढंच.

१९ जून

दिवसभर अंदाजाचा कागद उघडला, मिटला. उघडला, मिटला.

२० जून

अहवालाची शेवटची ओळ मंडळापुढं मीच वाचली: भावकचेरी स्वतःच्या पायावर उभी आहे, म्हणून बँकेचा वेगळा अंदाज आजपासून बंद करावा. खाली सही. मंडळानं मान्य केलं. माझा विभाग संपला, प्रमुखपदही संपलं. लिफाफा साहेबांच्या हातात परत दिला.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "अहो, पण मग या महिन्यात महागाई किती म्हणायची?"

म्हटलं, "कचेरीला विचारा. ठरलेल्या सोमवारी सांगतील — सगळ्यांना एकदमच."